गच्चीवर गेरूने आखलेलं घर

विलेपार्ले पूर्वेतली एक सोसायटी. इमारत १९६३ सालची, तळमजला अधिक तीन, सोळा घरं, लिफ्ट नाही. पुनर्विकास ठरला, बिल्डर ठरला आणि फेब्रुवारीत सभासदांच्या हातात नव्या घराचा प्लॅन पडला. सोबत एक कागद होता. त्यावर नाव, फ्लॅट क्रमांक आणि 'सूचना' या शब्दाखाली चार रिकाम्या ओळी. दहा दिवसांत भरून सेक्रेटरींकडे द्यायचा.

त्या सोळांतलं एक घर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं. मी आर्किटेक्ट आहे, पण या प्रकल्पाशी माझा काही संबंध नव्हता. तिने प्लॅनचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघून सांगशील का, बरा आहे का?"

पुढच्या दोन महिन्यांत जे झालं ते इथे लिहिते आहे. पुनर्विकासात असा कागद हातात पडणारी घरं मुंबईत पुष्कळ आहेत, आणि त्या चार ओळींत काय लिहायचं हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. कुटुंबाची ओळख पटेल असं काही मी ठेवलेलं नाही.

घरात चार माणसं. मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघेही पन्नाशीत. तिच्या सासूबाई, वय ७८. दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरात वॉकर घेऊन चालतात. त्यांना मीही आजीच म्हणते. आणि मैत्रिणीची मुलगी, जिचं ऑफिसचं काम बाहेरदेशी चालतं, म्हणून रात्री एकपर्यंत ती लॅपटॉपसमोर असते. पाचव्या म्हणजे सकाळ-संध्याकाळ कामाला येणाऱ्या ताई. गेली अकरा वर्षं त्या या घरात येतात. त्यांना मी मुद्दाम मोजते, त्याचं कारण पुढे येईल.

कागदावरचं घर

जुनं घर ४३० चौरस फुटांचं. त्यात एक बेडरूम, स्वयंपाकघर, हॉल आणि गल्लीकडे उघडणारी गॅलरी. नवं घर ६२० चौरस फूट रेरा कार्पेटचं (म्हणजे रेरा या गृहबांधणी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मोजलेलं आतलं क्षेत्रफळ), दोन बेडरूमचं, इमारतीच्या नैऋत्य कोपऱ्यात.

पहिली अडचण अगदी साधी होती. फोनवरच्या फोटोवरून काही मोजता येत नाही. मी पीडीएफ मागवली. मैत्रिणीने ती आधीच ए-फोर कागदावर छापून घेतली होती आणि तिचा नवरा फुटपट्टीने खोल्या मोजत बसला होता. प्लॅनवर १:१०० असं प्रमाण लिहिलेलं, पण प्रिंटरने 'फिट टू पेज' करून चित्र आक्रसलेलं. त्यामुळे त्याची सगळी मापं चुकत होती. असं छापील चित्र हातात आलं की आधी ज्याचं माप आकड्यात लिहिलेलं आहे अशी एखादी भिंत मोजावी. आकडा जुळला तरच बाकीचं मोजावं.

प्रमाण दुरुस्त करून मोजल्यावर दिसलं की बेडरूममध्ये काढलेला डबलबेड पाच फूट नऊ इंच लांबीचा आहे. बाजारात मिळणारा बेड साडेसहा फुटांचा असतो. असे लहान काढलेले बेड आणि सोफे मी बऱ्याच प्लॅनमध्ये पाहिले आहेत. खोलीत सगळं कसं सुटसुटीत बसतंय असं वाटतं, आणि बघणारा फर्निचर मोजायला जात नाही.

मग खोल्यांची बेरीज केली. हॉल १० बाय १७, म्हणजे १७०. बेडरूम १० बाय १२ आणि १० बाय साडेअकरा, म्हणजे १२० आणि ११५. स्वयंपाकघर साडेसात बाय ९, सुमारे ६८. दोन टॉयलेट मिळून ५८. पॅसेज सव्वातीन फूट रुंद आणि १५ फूट लांब, म्हणजे ४९. एकूण ५८०. उरलेले ४० चौरस फूट कुठे गेले, असं मैत्रिणीच्या नवऱ्याने विचारलं. ते आतल्या भिंतींत गेले. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी), बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंती धरतात. यात फसवणूक काही नाही, कायद्यातच तसं आहे. पण ६२० म्हणजे पाय ठेवायला ६२० नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

माझं चुकलं ते

पॅसेजचे ४९ चौरस फूट मला खुपले. जवळजवळ अर्धी बेडरूम नुसत्या येण्याजाण्यात जात होती. मी कागद घेतला आणि वीस मिनिटांत उत्तर काढलं. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढायची, मधे ओट्याइतका कट्टा ठेवायचा. पॅसेज निम्मा होतो आणि हॉल प्रशस्त दिसतो. चित्र सुंदर झालं होतं. मैत्रिणीने ते पाहिलं, "छान आहे गं," म्हणाली आणि बाजूला ठेवलं.

तिच्या मुलीने मात्र सरळ विचारलं, "मावशी, आई सकाळी सहाला कुकर लावते. मी दोनला झोपलेली असते. आणि रात्री माझ्या मीटिंग चालू असताना बाबा पाणी प्यायला उठले की फ्रीजचं दार, भांड्यांचा आवाज, सगळं हॉलमध्ये. मी बसू कुठे?"

तिचं बरोबर होतं. मला त्या घराचा दिवस ठाऊक नव्हता, मी माझ्या आवडीचं घर काढून दिलं होतं. अशी चूक अनुभवी माणसाकडून जास्त होते, कारण त्याच्याकडे तयार उत्तरं असतात. आणि समोरचा माणूस भिडेखातर "छान आहे" म्हणतो. सोसायटीच्या कागदावरही तेच होत होतं. मैत्रीण कमिटीत असल्यामुळे तोवर भरून आलेले सहा कागद मला पाहायला मिळाले. दोघांनी 'ठीक आहे' लिहिलं होतं. एकाने 'किचन मोठं हवं'. एकाने 'पॅसेज नको'. खजिनदार काकांनी स्वयंपाकघर आग्नेयेला हवं असं लिहिलं होतं. एका कागदावर फक्त सही होती.

यातलं काहीही बिल्डरच्या आर्किटेक्टच्या उपयोगाचं नाही. किचन मोठं म्हणजे किती, कशासाठी, आणि ती जागा कुठल्या खोलीतून काढायची? 'प्लॅन कसा वाटला' असं विचारलं की आवडनिवड हाती लागते. त्या घरात माणसं सकाळी उठल्यापासून काय काय करतात, ते हाती लागत नाही.

म्हणून मी माझं चित्र फाडलं आणि मैत्रिणीला म्हटलं, प्लॅनबद्दल कुणी काही बोलायचं नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण कुठे असतं, हातात काय असतं, तेवढं मला सांगा.

एक दिवस

आजींनी सुरुवात केली. त्या साडेपाचला उठतात. त्याआधी रात्रीतून दोनदा उठतात. वॉकर पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवलेला असतो, कारण उजवा गुडघा ऑपरेशनचा. दिवा लावत नाहीत, नात झोपलेली असते. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जातात. जुन्या घरात हे अंतर सात पावलांचं.

नव्या प्लॅनमध्ये आजी आणि नात धाकट्या बेडरूममध्ये झोपणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिथून कॉमन टॉयलेटपर्यंतची वाट मोजली: पलंगावरून उठून कपाटासमोरून दारापर्यंत, दारातून पॅसेजमध्ये वळून, मग पुन्हा वळून टॉयलेटमध्ये. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये किती जागा? खोली १० फूट. पण प्लॅनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की मापं प्लास्टरच्या आधीची आहेत, म्हणून ९ फूट १० इंच धरली. त्यातून साडेसहा फुटांचा पलंग आणि दोन फुटांचं कपाट वजा केलं की एक फूट चार इंच उरतात. आजींचा वॉकर आम्ही टेपने मोजला. एक फूट अकरा इंच.

टॉयलेटचं दार प्लॅनवर अडीच फूट. पण अडीच फूट हे भिंतीतल्या मोकळ्या जागेचं माप होतं. त्यातून दोन्हीकडची चौकट आणि उघडलेल्या पल्ल्याची जाडी गेली की दोन फूट एक इंच राहतात. वॉकर कसाबसा जाईल, पण तो धरलेल्या हातांची कोपरं चौकटीला घासतील. आणि दार आत उघडणारं. म्हातारं माणूस आत पडलं तर त्याच्याच शरीराने दार अडतं आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. हे मी माझ्या स्वतःच्या घरात अनुभवलं आहे, माझ्या वडिलांच्या वेळी. त्यामुळे या एका गोष्टीवर मी कधीच तडजोड करू देत नाही.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग तिने पेन्सिल घेतली आणि मोठ्या बेडरूमवर बोट ठेवलं. त्या खोलीला स्वतःचं टॉयलेट होतं. "ही आईंना देऊ," ती म्हणाली. प्लॅनवर त्या खोलीत 'मास्टर बेडरूम' असं छापलं होतं, आणि त्या दोन शब्दांमुळे आठवडाभर कुणाच्या मनात दुसरा विचार आला नव्हता. तिने ते शब्द खोडले आणि 'खोली १' लिहिलं. तिचा नवरा "हो" म्हणाला. आजी म्हणाल्या, "अगं, तुम्हाला नको का?" त्यावर आणखी चर्चा झाली नाही.

खोली बदलली म्हणून प्रश्न संपले नाहीत. त्या टॉयलेटमध्ये शिरल्याशिरल्या शॉवर होता आणि कमोड शेवटी. म्हणजे नात रात्री अंघोळ करून गेली की तासाभराने आजींनी ओल्या फरशीवरून वॉकर नेत कमोडपर्यंत जायचं. हा क्रम उलटा हवा: आधी कमोड, मग ओली जागा. आणि उंबरठ्याशी दीड इंचाची पायरी नको, हलका उतार चालेल.

दुपार. आजी दोन ते चार झोपतात. खोली १ नैऋत्य कोपऱ्यातली, तिला खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. प्लॅनवरचा उत्तर दाखवणारा बाण नखाएवढा होता, तो कुणी पाहिलाच नव्हता. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र सूर्य कलला की छज्ज्याखालून ऊन थेट आत येतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, तो पाऊस त्याच खिडकीवर मारतो. खोली कोपऱ्यातली असल्यामुळे तिची दक्षिणेची भिंतही बाहेरची आहे. तिथे खिडकी का नाही, हा प्रश्न यादीत गेला.

खिडकीबद्दल आणखी थोडं. खिडकी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी, असा आपल्या दमट हवेसाठीचा नियम आहे. १२० फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. प्लॅनमध्ये सहा बाय चार, म्हणजे २४ होती. नियम पाळलेला होता. पण ती सरकणारी खिडकी, एका वेळी निम्मीच उघडते. वारा यायला बारा फूट. कागदावर नियम पाळलेला असतो आणि खोलीत तरीही कोंदट वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

ओले कपडे

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो कपड्यांवर. प्लॅनमध्ये वॉशिंग मशीन कॉमन टॉयलेटमध्ये काढलं होतं, चार बाय सात फुटांत, दाराच्या पल्ल्याला लागेल असं. ते हलवता येतं. पण धुतलेले कपडे वाळणार कुठे?

जुन्या घरातल्या गॅलरीत छताला पाच दांड्या आहेत, दोरी ओढून खालीवर करायच्या. चार माणसांचे रोजचे कपडे, आठवड्याला चादरी, आजींची नऊवारी पातळं. जून ते सप्टेंबर हे सगळं दोन-दोन दिवस लटकत असतं. पाऊस फार झाला की हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधावी लागते. मुंबईतल्या कुठल्याही घरात आषाढात जा, हे दृश्य आहेच. नव्या प्लॅनमध्ये बाल्कनी नव्हती. ओलं कापड टांगता येईल असा एक हात उघडा कोपराही नव्हता. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत होती.

मैत्रिणीच्या नवऱ्याला राग आला. मुलुंडच्या त्याच्या भावाला पुनर्विकासात बाल्कनी मिळाली होती. पण पार्ल्याचं गणित निराळं आहे. विमानतळ शेजारी, त्यामुळे विमानतळ प्राधिकरणाच्या ना हरकत प्रमाणपत्रात उंची ठरलेली असते. मुलुंडला जे बांधकाम मजले चढवून करता येतं ते इथे आडवं पसरावं लागतं. एका मजल्यावर जास्त घरं येतात, मधल्या भागात उजेड पोचत नाही, डक्ट वाढतात. बिल्डरचा आर्किटेक्ट काही आळशी नव्हता. स्टिल्ट (खाली गाड्यांसाठी खांबांवरचा मोकळा मजला) अधिक सात मजल्यांत त्याला सोळा जुनी घरं आणि विक्रीची घरं बसवायची होती. हे कळलं की मागणीचा सूर बदलतो. 'बाल्कनी का नाही' या प्रश्नाला त्याच्याकडे तयार उत्तर होतं. 'जुलैमध्ये चार माणसांचे कपडे या घरात कुठे वाळतील' याला नव्हतं.

गच्ची

तोवर सगळं कागदावर चाललं होतं. टेबलावर जमलेली मापं आजींना दिसत नव्हती, ताईंनाही नाही. म्हणून रविवारी सकाळी आम्ही तोच प्लॅन गच्चीवर खऱ्या मापात आखला.

जुन्या इमारतीची गच्ची चायना मोझॅकची, पांढऱ्या फुटक्या लाद्यांची. तिच्यावर रांगोळी दिसेना, म्हणून खालून गेरू आणला. सुतळी ताणून बाहेरची चौकट धरली. काटकोनासाठी तीन-चार-पाच: एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीला चार फुटांवर, दोन खुणांमधलं अंतर पाच आलं की कोन बरोबर. सोसायटीतली मुलं आली, त्यांनी दोन तासांत भिंती आखल्या. वर्तमानपत्रं कापून पलंग, कपाट, फ्रीज, ओटा, सगळं खऱ्या मापाचं मांडलं. दारांच्या पल्ल्यांसाठी पुठ्ठे ठेवले, म्हणजे ते फिरवून बघता येतात.

एक सांगून ठेवते. उघड्यावर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. भिंती नसतात, वर आभाळ असतं. जोत्याच्या वेळी साइटवर आलेली माणसं "एवढीशीच?" म्हणतात ती यामुळेच. तसंच इथेही झालं, शेजारचे दोघे हॉल बघून अस्वस्थ झाले. गच्चीवर डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. हात, पाय, वॉकर, बादली, हातातलं ताट यांनी मोजावं.

आजींना दोघांनी धरून वर आणलं. वर येताना त्या तीनदा थांबल्या. मग खोली १ मधल्या कागदी पलंगावर खुर्ची ठेवून बसल्या, उठल्या, वॉकर घेऊन पुठ्ठ्याच्या दारातून टॉयलेटमध्ये गेल्या. दारात अडल्या. मुलांनी गेरू पुसून दार तीन फुटांचं केलं, पुठ्ठा बाहेरच्या बाजूला फिरवला, आणि त्या पुन्हा गेल्या. या वेळी कोपर लागलं नाही.

ताई सोमवारी सकाळी कामाच्या आधी वर आल्या. त्या 'स्वयंपाकघरात' उभ्या राहिल्या, सिंकजवळ गेल्या आणि लगेच म्हणाल्या, "भांडी पालथी कुठे घालू?" सिंक एल आकाराच्या ओट्याच्या टोकाला, भिंतीला चिकटून होतं. उजवीकडे भिंत, डावीकडे जेमतेम नऊ इंच आणि मग शेगडी. जुन्या घरात त्या मोरीत बसून भांडी घासतात आणि टोपलीत घालतात, त्यामुळे मैत्रिणीला हे सुचलंच नव्हतं. मलाही नाही. सिंक दीड फूट सरकवून भिंतीच्या बाजूला निथळायची जागा केली. अकरा वर्षं त्या घराची भांडी घासणाऱ्या बाईला हे कळायला अर्धं मिनिट पुरलं. सोसायटीच्या कागदावर त्यांच्यासाठी ओळ नव्हती.

निघताना आजी हॉलच्या खिडकीच्या रेषेवर थांबल्या आणि विचारलं, "इथून गल्ली दिसेल?" नाही दिसणार. गल्ली पूर्वेला, त्यांचं घर नैऋत्येला. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत असेल. जुन्या गॅलरीत त्या रोज संध्याकाळी बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. यावर आमच्याकडे काही उपाय नव्हता. फ्लॅटची वाटणी आधीच झाली होती. मी तो प्रश्न यादीत लिहिला नाही, पण इथे लिहिते आहे.

यादी

तीन दिवसांत एकतीस मुद्दे जमले होते. एकतीस मुद्द्यांचं पत्र कुणी वाचत नाही. आम्ही त्यांचे ढीग केले, आणि ढीग करण्याचा निकष एकच ठेवला: हे बदलता येण्याची शेवटची वेळ कोणती?

कॉलम, डक्ट, टॉयलेटची जागा, बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्या, या गोष्टी आत्ताच. प्लॅन महापालिकेत जाऊन आयओडी, म्हणजे प्लॅनची पहिली मंजुरी, मिळाली की बदल अशक्य नसतो, पण पुन्हा सादर करावा लागतो, फी आणि महिने जातात, आणि एका सभासदासाठी ते कुणी करत नाही. आतल्या दारांच्या जागा, ओट्याचा आकार, मशीनची जागा, विजेचे पॉइंट, हे बांधकामाच्या ड्रॉइंगपर्यंत चालतं, कारण या इमारतीत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या, होणार होत्या. भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतील, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात, तर हा दुसरा ढीग उरतच नाही. विजेच्या नळ्यासुद्धा काँक्रीटबरोबर आत जातात, आणि जे सांगायचं ते सगळं आधीच सांगावं लागतं. बिल्डरला भिंती कशाच्या आहेत हे पहिल्याच भेटीत विचारावं. तिसरा ढीग फर्निचरचा, तो ताबा मिळाल्यावर. आजींच्या देवघराची जागा आम्ही दुसऱ्या ढिगात ठेवली. त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसायचं होतं, हॉलच्या भिंतीत ते जमत होतं. खजिनदार काकांची आग्नेयेची मागणी पहिल्या ढिगातली. कुटुंबाला ती महत्त्वाची असेल तर ती आत्ताच आणि मोकळेपणाने सांगावी, ताबा घेताना नव्हे.

आत्ताच सांगायचे असे सात मुद्दे उरले. ते लिहिताना एक पथ्य पाळलं: उपाय लिहायचा नाही, अडचण मापासकट लिहायची. 'टॉयलेटचं दार हलवा' ऐवजी 'वॉकरची रुंदी एक फूट अकरा इंच, दारात मोकळी जागा दोन फूट एक इंच, दार आत उघडतं. वृद्ध व्यक्ती रोज वापरणार आहे'. दार हलवलं तर वरच्या बीमला काय होतं हे आम्हाला दिसत नव्हतं, ते त्या आर्किटेक्टला दिसतं. त्याच्या हातात अडचण दिली की तो आपल्याला न सुचलेली वाट काढतो.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. टॉयलेट, डक्ट, खिडक्या या उभ्या लाइनीत वरपासून खालपर्यंत सारख्याच असतात. म्हणजे एका घराची सूचना त्या लाइनीतल्या सगळ्यांची होते. या लाइनीत जुन्या सभासदांची चार घरं होती. मैत्रिणीने चौघांना गच्चीवर बोलावलं, पत्रावर चौघांच्या सह्या हव्या होत्या. सहा मुद्द्यांवर अर्ध्या तासात एकमत झालं. त्यांतल्या दोन घरांत वॉकर नव्हता, पण आईवडील होते.

सातवा मुद्दा बाल्कनीचा, आणि तो अडला. बिल्डरच्या आर्किटेक्टने स्वतः गच्चीवर येऊन गेरूच्या रेषांत उभं राहून वाट सांगितली. तरुण मुलगा होता, लक्ष देऊन ऐकत होता. हॉल १७ फूट लांब आहे. दक्षिणेकडचे तीन फूट काढून तीन बाय दहाची बाल्कनी करता येईल. एकूण जागा तेवढीच. कपडे वाळतील, हॉलला सावली होईल. पण रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत. करारनाम्यात ६२० लिहिलं होतं, ते ५९० कार्पेट अधिक ३० बाल्कनी असं लिहावं लागेल.

दोन घरांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक कार्पेट विचारतं, आणि तीस फूट कमी दिसले तर तोटा आमचा. हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पार्ल्यात तीस फुटांची किंमत लहान नाही, आणि त्या दोघांच्या घरात मुलं परदेशी आहेत. ते घर राहण्याइतकंच ठेव म्हणून बघतात. मी असते तर बाल्कनी घेतली असती. रोज ओले कपडे लटकणाऱ्या हॉलमध्ये राहण्यापेक्षा कागदावरचे तीस फूट सोडणं मला पटलं असतं. पण ते घर माझं नव्हतं, आणि लाइन चौघांची होती. बाल्कनी गेली. मशीन पॅसेजच्या टोकाला, टॉयलेटमधून बाहेर काढलेल्या वॉशबेसिनशेजारी आलं, आणि धाकट्या बेडरूमच्या खिडकीवर बाहेरून लोखंडी दांड्यांची सोय छज्ज्याखाली मागितली.

उत्तर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुधारित प्लॅन आला. टॉयलेटचं दार तीन फूट आणि बाहेर उघडणारं. कमोड आधी, शॉवर शेवटी. डक्ट लांब भिंतीला लागून असल्यामुळे ते सोपं गेलं असं बिल्डरच्या आर्किटेक्टने समासात लिहिलं होतं. सिंक सरकलं. खोली १ ला दक्षिणेची खिडकी आली, पश्चिमेची अरुंद झाली. छज्ज्याखालच्या दांड्यांबद्दल काहीच उत्तर नव्हतं.

मी प्लॅन आणि बाहेरून दिसणाऱ्या बाजूंचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. दक्षिणेची नवी खिडकी प्लॅनमध्ये होती, बाजूच्या चित्रात नव्हती. तिथे भिंत सलग काढलेली. दोन्ही कागद करारनाम्याला जोडले जाणार होते. ते जुळत नसतील तर साइटवर कुठला खरा धरायचा, हा वाद पुढे होतो आणि तोवर भिंत उभी राहिलेली असते. मैत्रिणीने दोन्ही चित्रांवर लाल पेनाने गोल केले, दांड्यांचा प्रश्न पुन्हा लिहिला, चौघांच्या सह्या घेतल्या आणि पत्र सोमवारी सेक्रेटरींकडे दिलं, पोचपावती घेऊन.